‘सुलताना’त टाळ्या का वाजल्या

ब्लॅकपूल,
६ ऑक्टोबर १९३०

झिले,

तू पाठवलेला आल्याचा केक पोचला. वाटेत त्याचा पार भुगा झाला होता, तो मी पाहुण्यांना चमच्यानं वाढला. पुढच्या वेळी डब्यात घालून पाठव, वर्तमानपत्रात नको.

आता हातातलं काम बाजूला ठेव आणि नीट वाच. आयव्हीचं जमतंय! प्रेस्टनचे मिस्टर हेडॉक, मोठ्या कापडदुकानाचे मालक, दर उन्हाळ्यात माझ्याच घरी भाड्याच्या खोलीत उतरतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा हंगाम संपला, समुद्रावर कुत्रं फिरकेना, तरी हे आपले दर रविवारी हजर. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता. काल चहा झाल्यावर समोर बसले, खूप वेळ बोलले, घाम पुसला, परत बोलले आणि शेवटी माझा हातच धरला. माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. ‘आयव्ही’ तेवढं दोनदा ओळखता आलं. मुलीला मागणी घालताना बापडे किती अवघडले होते! मी म्हटलं, “मला आनंदच आहे, मिस्टर हेडॉक.”

आज त्यांची चिठ्ठी आली. आयव्हीचं मन कळल्याशिवाय ते पाऊल पुढे टाकणार नाहीत म्हणे. अठरा तारखेला शनिवारी ते तिला आणि तुला तुमच्या त्या नव्या ‘सुलताना’ थिएटरात बोलपट दाखवायला नेणार आहेत. बघ, केवढा सभ्य माणूस!

तू त्या दिवशी तोंडाला कुलूप लाव. आपले वडील शाळामास्तर होते असं मी त्यांना सांगितलंय. गिरणीचं नाव काढायचं नाही. माझ्या कानांबद्दल चकार शब्द नको. इथे पाहुण्यांचे ओठ वाचून माझं सगळं चाललंय, कुणाला पत्ता नाही. आणि थिएटरात ती ओठबोली अजिबात नको. गिरणीत मागांच्या खडखडाटात आवाज न काढता नुसती तोंडं वेडीवाकडी करून बोललेलं चालतं. चारचौघांत लोकांना वाटेल तुला झटका आलाय.

तुला वाटेल ताईला श्रीमंतीचं वेड लागलंय. वाटू दे. माझे कान त्या शेडमध्ये गेले, तुझेही चाललेत. आयव्हीचे मला शाबूत हवेत. म्हणून तर तुझ्या घरी ठेवतानाच टोप्यांच्या दुकानात लावली ना तिला? तिच्या बापामागे हा घोर माझ्या एकटीलाच. एकदा हेडॉकांच्या घरी गेली की मी सुटले.

तुझी ताई,
सेलिना


पेंडलशॉ,
९ ऑक्टोबर

ताईसाहेब,

हुकूम शिरसावंद्य. वडील मास्तर होते हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना स्वतःला कळलं असतं तर निदान सही करायला तरी शिकले असते.

आयव्हीला सांगितलं. तिनं हातातला बटाटा तसाच पाण्यात टाकला आणि म्हणाली, “तो गेल्या साली जिन्यावर माझ्या पायावर ट्रंक टाकणारा म्हातारा?” मी म्हटलं, म्हातारा नाही, पन्नाशीचा आहे. यावर ती जे बोलली ते तुझ्या ब्लॅकपूलच्या टपालात घालण्यासारखं नाही.

ताई, खरंच सांग, पोरीला विचारलंस का? बापाच्या वयाचा माणूस तो. टोप्यांच्या दुकानाची काळजी करू नकोस, तिथे सगळं आहे तिथेच आहे.

अठराला जातो. तोंडातून आवाज निघणार नाही, अगदी शपथेवर.

झिला


पेंडलशॉ,
रविवार, १९ ऑक्टोबर

ताई,

काय सांगू आणि काय नको! ‘सुलताना’ म्हणजे थिएटर नव्हेच ते. दारातच एक सेनापती उभा, छातीवर सोनेरी दोऱ्या, आणि त्यानं मला सलाम ठोकला. मला! गालिचा इतका जाड की शेजारच्या बर्थानं पायातले लाकडी बूट काढून काखेत मारले आणि मोज्यांवर चालत गेली. भिंतीतून चार हत्ती बाहेर आलेत, छतावर चांदण्या लुकलुकतात, आणि जमिनीतून वाजवणाऱ्यासकट एक बाजा वर येतो. अर्धी गिरणी तिथे लोटली होती. सगळ्या माझ्याकडे आणि माझ्या उसन्या टोपीकडे बघत होत्या.

हेडॉकसाहेब मधे बसले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आयव्ही. हातात टॉफीचा डबा. एकदा माझ्याकडे वळून डबा पुढे करायचे, एकदा तिच्याकडे. बोलणं बेताचं, आणि तेही कुठून येतं कळत नाही, कारण मिशांचं हे एवढं झुडूप. जेवताना सूप कुठे जातं देव जाणे.

बोलपट सुरू झाला. कुणी कप्तान, कुणी लक्षाधीशाची मुलगी. अर्धा तास झकास चाललं. मग आवाज ज्या तबकडीवरून येतो तिच्यावरची सुई घसरली असावी, कारण कप्तानानं प्रेमानं तोंड उघडलं आणि आतून स्वयंपाकिणीचा आवाज आला! थिएटर पडायचं बाकी राहिलं. मग नुसती घरघर, आणि मग काहीच नाही. पडद्यावर माणसं तोंडं हलवताहेत आणि आवाज बंद.

आता आपल्या बायांना त्यानं काय फरक पडतो? एकही जागची हलली नाही. बटलर आणि स्वयंपाकीण भांडत होते, ते सगळ्या जणी ओठांवरून वाचत होत्या आणि जिथे हसायचं तिथे बरोबर हसत होत्या. वर गॅलरीतून बर्था दोघांचे आवाज काढायला लागली. तेवढ्यात मॅनेजर शेपटीवाला कोट घालून माफी मागायला पडद्यासमोर आला, तर सगळं थिएटर ओरडलं, “अरे बाजूला हो, काही दिसत नाही!” आयव्ही तर बर्थानं तोंड उघडण्याआधीच इतकी हसली की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. हेडॉकसाहेब मात्र आमच्या दोघींच्या मधे खांबासारखे.

मग तबकडी बदलायला दिवे लावले. त्या दहा मिनिटांत एकदा सगळ्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या विचारू नकोस. लोकांना काय, निमित्त लागतं का. हेडॉकसाहेबांनीही वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात.

आयव्हीनं उत्तर काय दिलं म्हणशील, तर त्यांनी तिला विचारलंच नाही. दाराशी टोपी काढून म्हणाले, “मला जे कळायचं ते सगळं कळलं. आता बाकीचं तुमच्या ताईंशीच बोलेन.” याचा अर्थ तूच लाव.

मी कबूल केल्याप्रमाणे तोंडातून आवाज काढला नाही.

झिला


ब्लॅकपूल,
२१ ऑक्टोबर

झिले,

आवाज बंद होता ना?

मग आयव्ही कशाला हसली?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मीही हसले. दुसऱ्यांदा त्या ओळीपाशी थांबले. माझी मुलगी ब्लॅकपूलला वाढली. मी तिला ओठांचं एक अक्षर शिकवलेलं नाही. टोप्यांच्या दुकानात बायका तोंडानं बोलतात, आवाज काढून. हे माणसाला एकाच ठिकाणी शिकायला मिळतं, आणि ते ठिकाण तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

किती महिने झाले तिला मागावर? आणि तू, सख्खी मावशी, मला टोप्यांच्या गोष्टी लिहीत राहिलीस! “सगळं आहे तिथेच आहे” म्हणे. दुकान तिथेच असेल गं, मुलगी कुठे आहे?

तुला वाटत असेल, त्यात काय एवढं, आपण दोघी जगलोच की. झिले, मी कशी जगते ते तुला माहीत नाही. जेवणाच्या टेबलावर माणसं हसली की मी हसते. कुणी काही विचारलं की “हो, हो” म्हणते, आणि मग रात्रभर विचार करते, आपण कशाला हो म्हणालो. कुणी पाठीमागून हाक मारली तर मी शिष्ट. आयव्ही लहानपणी अंधारात घाबरून रडायची ते मला कळायचं नाही, म्हणून मी तिच्या पाळण्यात हात ठेवून झोपायचे. हे तिच्या वाट्याला येऊ नये एवढंच मी मागत होते.

हेडॉक या रविवारी आले नाहीत. न येईनात. आता मला त्यांचं काही नको. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे, आणि मुलीला हाताला धरून परत नेणार आहे. तू मधे पडलीस तर बहीण म्हणून नाव टाकेन.

सेलिना


प्रेस्टन,
२२ ऑक्टोबर

ऑर्मरॉडबाई,

शनिवारच्या तुमच्या आणि आयव्हीच्या सोबतीबद्दल आभार. एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, पण तुम्ही दोघी इतक्या रंगात आला होतात की मधे बोलणं मला बरं वाटलं नाही.

माझी आई तीस वर्षं चार माग चालवायची. मी बोलायला शिकायच्या आधी ओठ वाचायला शिकलो, कारण घरात तिच्याशी बोलायचा दुसरा मार्गच नव्हता.

तेव्हा माझ्या एका कानावरून दुसऱ्या कानाकडे जे जे गेलं ते ते मला पोचलं. ‘म्हातारा बोकड’ पोचला. ‘याचा पट्टा सुटला तर पोट चौथ्या रांगेत जाईल’ हेही पोचलं. मिशांना बुटाचं पॉलिश लावतो हे मात्र खोटं आहे. चांगल्या दुकानातलं औषध आहे ते.

दिवे लागल्यावर बाजूच्या गॅलरीत मागांचा एक तरुण मिस्त्री (जेम क्लेग, हे नाव मागून कळलं) उभा राहिला आणि ओठांनी म्हणाला, “आयव्ही, त्या बोकडाला हो म्हणू नकोस, मला म्हण.” आयव्ही म्हणाली, “तुला कधीच म्हटलंय, गाढवा, खाली बस.” सगळं थिएटर विणकरांचं आहे हे ती दोघं साफ विसरली होती. मग टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. का नाही वाजवणार? मी आयव्हीला मागणी घातलेलीच नाही.

मी मागणी घातली होती तुमच्या ताईंना.

त्या रविवारी मी त्यांना म्हटलं की गेले तीन उन्हाळे मी समुद्रासाठी येत नाही. आयव्हीला सावत्र बाप चालेल का, हेही विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे इतकं टक लावून पाहिलं की मला वाटलं, या वयातही माणसात काहीतरी बघण्यासारखं उरलंय. त्या म्हणाल्या, मला आनंदच आहे. मी प्रेस्टनपर्यंत शीळ वाजवत गेलो. आणि शनिवारी तुम्ही आयव्हीला म्हणालात, “ताईला काडीचं ऐकू येत नाही, आणि या झुडपाआडून तिला एक अक्षर वाचता आलं नसणार. बसली हो म्हणून!”

बहिऱ्या आईचा मुलगा मी, आणि मला कळू नये! ऑर्मरॉडबाई, मी फार घाबरलोय. पुन्हा विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या तर? पत्रातून विचारता येईल, पण मग त्यांचा चेहरा दिसणार नाही. काय करू ते कळवा.

आपला,
कथबर्ट हेडॉक


पेंडलशॉ,
रविवार, २६ ऑक्टोबर

हेडॉकसाहेब,

तुमचं पत्र वाचून मी शेगडीपाशी मटकन बसले ती बटाटे करपेपर्यंत उठले नाही. बोकडाबद्दल माफी. पोटाबद्दलही. मिशांबद्दल मागत नाही, सगळा घोळ त्यांनीच केलाय.

आता काल काय झालं ते ऐका. ताई सकाळच्या गाडीनं आली ती माझ्या घरी न येता थेट गिरणीत. मी मागावर होते, आयव्ही दोन माग सोडून पलीकडे, जेम तिच्याच मागाखाली पाना घेऊन आडवा. (तो माग आठवड्यातून चारदा बिघडतो. का ते तुम्ही ओळखलं असेलच.) बघते तर दारात ताई, गळ्याला फरची कॉलर, हातात छत्री, तोंड लालबुंद.

ती ओरडली. पण शेडमध्ये ओरडून काय होतं? तिचं तिलाही ऐकू गेलं नसणार. दोनदा तोंड उघडलं, मिटलं, आणि मग साहेब, तिनं छत्री खाली ठेवली, टोपी मागे सारली आणि ओठांनी सुरुवात केली! वीस वर्षांत केलं नव्हतं तिनं, पण काय ती धार! खोटारडी मुलगी, फितूर मावशी, सगळ्यांचा उद्धार झाला. बाया माग सोडून बघत राहिल्या. सूत तुटलं तरी कुणाला शुद्ध नव्हती.

ती दम घ्यायला थांबली तेवढ्यात बर्था म्हणाली, “अगं बाई, ही तर आपली सेलिना! अजून तश्शीच भांडते!” झालं. चारी बाजूंनी सुरू झालं. कुठे होतीस, किती जाड झालीस, नवरा गेला ते कळलं गं, तो तुझा शेवटचा माग अजून तसाच खोडी काढतो. ताई इकडे वळते, तिकडे वळते, एकीला उत्तर देते, दुसरीला हसते. एकीनंही तिला काही परत सांगावं लागलं नाही. मी तिला असं बोलताना किती वर्षांनी पाहिलं! माझे तर डोळेच भरून आले.

मग जेम मागाखालून निघाला. तोंडाला वंगण, हातात पाना. तिच्यासमोर येऊन सरळ म्हणाला, “आयव्हीला मी मागतोय. तुम्ही नाही म्हणालात तरी मागत राहीन.” ताईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, “स्पष्ट बोलतो.” मग आयव्हीकडे वळून म्हणाली, “तुझे कान?” आयव्ही रडायला लागली. तिला काम आवडतं हो, चार पैशांसाठी नाही, त्या बायांसाठी. शेवटी ठरलं ते असं: लग्न जेमशीच, पण नाताळनंतर मागावर पाय ठेवायचा नाही. खाली कापड तपासायच्या खोलीत जागा आहे, तिथे शांत असतं. पोरीनं तासभर नाही म्हटलं आणि मग हो म्हटलं.

शनिवारची अर्धी पाळी, बाराला इंजिन थांबलं. सगळ्या जणी आवाज काढून बोलायला लागल्या, आणि ताई एकदम गप्प झाली. माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

तुमचं गुपित मी सांगितलेलं नाही. तिला वाटतंय तुम्ही रागावून तोंड फिरवलंत. स्टेशनवर मला म्हणाली, “आयव्हीचं मोडलं त्याचं काही नाही गं, पण रविवारचे यायचे ते बरं वाटायचं.” आता याहून जास्त मी काय सांगू? न्हाव्याकडे जा, साहेब. आजच्या आज.

झिला ऑर्मरॉड


ब्लॅकपूल,
३ नोव्हेंबर

झिले,

तू सगळं जाणून होतीस, हो ना? स्टेशनवर नुसती दात काढत होतीस. भेट तू, मग बघते.

काल चारच्या सुमारास दार वाजलं. म्हणजे वाजलं असावं, मोलकरणीनं उघडलं. बघते तर एक अनोळखी गृहस्थ, वरचा ओठ सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा, बाकीचा चेहरा तांबूस. मी म्हटलं, खोली रिकामी नाही. तो तिथेच उभा. मग त्याच्या हातातली टोपी ओळखीची वाटली. हेडॉक!

जेवणघरात तीन पाहुणे चहा पीत होते. त्यांच्यासमोर हेडॉक माझ्यापुढे उभे राहिले. आणि झिले, ते आवाज काढून बोललेच नाहीत. आपल्यासारखे बोलले. गिरणीतल्यासारखे, अगदी आईकडून शिकल्यासारखे, सावकाश, तोंड भरून. मी धपकन खुर्चीत बसले. पाहुण्यांना वाटलं त्यांचा दात दुखतोय.

काय बोलले ते तुला सांगणार नाही, ते माझं आहे. पण मला एकही शब्द जुळवावा लागला नाही. अंदाज करावा लागला नाही. इतकी वर्षं मी माणसांच्या तोंडावरून अर्धं वेचत आणि अर्धं बनवत आले, आणि काल कुणीतरी सगळंच्या सगळं माझ्या हातात दिलं. गेल्या महिन्यात मी याच गोष्टीला ‘आनंदच आहे’ म्हणून बसले होते, हे कळल्यावर मला हसू की रडू ते समजेना. दोन्ही केलं.

बोलून झाल्यावर ते थांबले. चेहरा असा, जणू कुणी फाशीचा दोर हातात घेऊन उभं आहे. मी कपाळाला आठी घातली आणि म्हटलं, “नीट कळलं नाही, मिस्टर हेडॉक. परत सांगा.”

बिचाऱ्यांनी परत सांगितलं, पहिल्यापासून. तिन्ही उन्हाळ्यांसकट.

मी म्हटलं, “अजून एकदा.”

तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा ओठ थरथरत होता. मग मी हो म्हटलं, आवाज न काढता.

झिले, मला पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं.

तुझी ताई,
सेलिना